बानूचे दोन दुभाषे

म्हाळाप्पा शेंडग्याने एकदा मेलेला बैल विकला, अशी वाघजळीच्या बाजारात बोलवा आहे. सौदा सुरू झाला तेव्हा बैल जिवंत होता, याबद्दल दुमत नाही. पण सौदा इतका लांबला, की मधेच कधीतरी बैलाने कंटाळून जीव सोडला. म्हाळाप्पाचा हात तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात होता आणि दोघांच्या हातांवर रुमाल होता. त्याने हात सोडला नाही. गिऱ्हाईक म्हणे व्यवहार पुरा करून, ‘जनावर भारी शांत आहे’ असं सगळ्यांना सांगत गेलं. हे खोटं आहे असं सांगणारा माणूस वाघजळीत सापडणार नाही. खरं आहे म्हणणारे मात्र पंधरावीस निघतील, आणि त्यांतले निम्मे त्या दिवशी आपण तिथेच होतो असंही सांगतील.

वाघजळी म्हणजे आटपाडीच्या पल्याडचं, कुसळांचं आणि मेंढरांचं गाव. तिथे जनावराचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. कुठलं बोट धरलं, दाबलं की नुसतं चाचपलं, त्यावर भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला दिसतो तो फक्त हलणारा रुमाल. सन दोन हजार एकेचाळीस उजाडलं, ट्रॅक्टर आपले आपण नांगरायला लागले, तरी रुमाल गेला नाही. उलट त्याची मातब्बरी वाढली. कारण आता मोठ्याने बोललेला शब्द कुणाच्या ना कुणाच्या खिशातला फोन ऐकत होता, आणि वाघजळीत उच्चारलेला भाव चहा निवायच्या आत चार तालुक्यांत पोचत होता. रुमालाखालचं बोलणं मात्र अजून कुठल्या यंत्राला ऐकू येत नव्हतं.

या बोटांच्या बोलीत म्हाळाप्पासारखा वस्ताद नव्हता. आपली खुबी तो स्वतःच सांगायचा, पानाला चुना लावता लावता. “आपला आकडा आपण सांगायचाच न्हाई. समोरच्याच्या हातातनं काढायचा. त्याला वाटलं पायजे, त्योच बोललाय. घरी गेल्यावर बायकोला बी त्यानं तसंच सांगितलं पायजे.”

ही विद्या त्याने एकाच माणसाला दिली. आपल्या नातीला, बानूला.

बानू दीड वर्षाची असताना चार शब्द बोलत होती. अडीच वर्षांची होईपर्यंत ते चारही मिटले. सांगलीच्या डॉक्टर मुजावरबाईंनी ऑटिझम म्हणून सांगितलं, स्वमग्नता. म्हाळाप्पाने विचारलं, “म्हंजी पोरगी स्वतःतच मगन हाय?” बाई म्हणाल्या, “नाव तसं आहे आण्णा, पण मला उलटंच वाटतं. तुमच्या-माझ्या मेंदूच्या दारात एक राखणदार बसलेला असतो. पंख्याची घरघर, सदऱ्याची शिवण, शेजारच्याचं खोकणं, सगळं तो बाहेरच अडवतो. हिच्या दारात राखणदार नाही. सगळं जग एकदम आत घुसतं. मग ती दार लावून घेते.”

ती सहा वर्षांची असताना म्हाळाप्पाने तिला बाजारात नेलं. कुणीतरी भोंगा लावला आणि बानू कानांवर हात दाबून धुळीत पडली, किंचाळायला लागली. बघ्यांचं कोंडाळं झालं. म्हाळाप्पाला काही सुचेना. जन्मभर जे केलं तेच त्याने केलं. तिच्या हातावर रुमाल टाकला आणि गिऱ्हाइकाचा धरतो तसा तिचा हात घट्ट धरला. पोरगी शांत झाली. थोड्या वेळाने रुमालाखाली तिने त्याची तर्जनी दाबली.

“बोलली!” म्हाळाप्पा ओरडला. “माझी नात बोलली! पानी मागितलं तिनं!”

त्याला अकरा वर्षं झाली. या काळात तर्जनी म्हणजे पाणी, अंगठा म्हणजे हो, करंगळी म्हणजे नको, मनगट म्हणजे घरी चल, असं करत दोघांची एक अख्खी बोली तयार झाली. निदान म्हाळाप्पा तसं सांगायचा. बानू त्याला काय काय सांगते ते तो पारावर बसून ऐकवायचा. सरपंचाचं नाक लांब आहे असं तिचं मत होतं. आजोबाने विडी ओढू नये असंही ती एकदा म्हणाली, पण पुढच्याच आठवड्यात तिने परवानगी दिली. लोक हसायचे, पण मानायचेही. मेलेल्या बैलावर विश्वास ठेवणाऱ्या गावाला एवढं जड नव्हतं.

त्याची सून संजीवनी मात्र मानत नव्हती. ती गावच्या शाळेत शिक्षिका. नवरा, म्हणजे म्हाळाप्पाचा बिरू, अपघातात गेल्यापासून शाळा, सासरा आणि बानू असं तिन्हींचं ओझं ती एकटी ओढत होती. साडेचार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ‘दुभाष्या’ आला तो तिच्याच खटपटीने.

दुभाष्या म्हणजे गळ्यात घालायचा मऊ पट्टा. आतून त्याला तिळाएवढे संवेदक. ते नाडी बघत, त्वचेवरचा घाम बघत, गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू न बोलताही जे बारीक हलतात ते टिपत. एवढ्यावरून यंत्राला मोजक्याच गोष्टी कळतात: जीव घाबरा आहे की निवांत, समोरचं हवंसं आहे की नकोसं. यापुढचं शिकवावं लागतं. पहिले सहा महिने संजीवनी पट्ट्याला सांगत होती: आता ही भुकेली आहे, आता हिला माझी आठवण आली, आता हिला गाणं लावलेलं आवडलंय. यंत्र ते गिरवत गेलं. बानूच्या वयाच्या हजारो मुली कशा बोलतात तेही त्याच्या पोटात घातलेलं होतंच. इकडचे ठोके, तिकडची वाक्यं, मधला सांधा आईचा. आणि सातव्या महिन्यात एका सकाळी पट्ट्यातून चिमणीसारखा आवाज आला, “आई, आज तू दमलेली दिसतेस.”

संजीवनी चुलीपुढे बसली होती ती तिथेच रडत राहिली. भाकरी जळाली. म्हाळाप्पाने जळकी भाकरी मुकाट्याने खाल्ली, पण त्याला वाटलं, आपल्या घरात दुसरा दलाल घुसला.

त्यानंतर घरात दोन बानू झाल्या. पट्ट्यातली बानू गोड, समंजस, शाळेतल्या पोरीसारखं शुद्ध बोलणारी. रुमालातली बानू रांगडी, आजोबासारखीच टवाळ. आणि तिसरी, जी त्या दोघींच्या मधे बसून कपाळ खाटेच्या लोखंडी दांडीवर टेकवायची, गाल घासायची, पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायची, तिच्याकडे बघायला फारसं कुणी उरलं नव्हतं. ती गाल घासायला लागली की पट्टा म्हणायचा, “मला हा गारवा आवडतो.” आणि म्हाळाप्पा म्हणायचा, “लाडात आलीया.”

हे असंच चाललं असतं. पण बानूला अठरा वर्षं पुरी व्हायला महिना उरला आणि मिरजेच्या अलीकडे, बानूसारख्यांसाठीच असलेल्या एका सहनिवासात जागा निघाली. चांगली जागा. भिंती आवाज पिणाऱ्या, दिवे न लवलवणारे, झोपायला जड गोधड्या, करायला रोपवाटिका आणि मातीकाम, आणि आयुष्यभर सांभाळणारी माणसं. अशी जागा पुन्हा निघेल की नाही याचा भरवसा नव्हता. नवा कायदा असा, की सज्ञान होणाऱ्या माणसाची संमती त्याच्याच तोंडून हवी. दुभाष्याचं बोलणं तोंडचं बोलणं धरलं जाई.

“बानू, तुला तिथे राहायला आवडेल?” संजीवनीने विचारलं.

बानू खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून उभी होती. पट्टा म्हणाला, “हो आई. मला शांत जागा हवी आहे. मला नवीन ठिकाणी राहायला आवडेल.”

म्हाळाप्पाने लगेच रुमाल काढला, बानूचा हात धरला. मिनिटभर रुमाल हलला. “करंगळी,” तो म्हणाला. “तीनदा. न्हाई जायाचं म्हंतीया.”

“आण्णा, तुम्हाला हवं तेच नेहमी म्हणते ती तुमच्या रुमालात.”

“आन् तुझ्या पट्ट्यात?”

“माझ्या पट्ट्यात विज्ञान आहे.”

“माझ्या रुमालात साठ वर्सं हाईत.”

“मी मेल्यावर कोण बघणार तिला? तुम्ही?” संजीवनीचा आवाज चिरकला. “एकाहत्तरचे आहात तुम्ही. पायरी चढताना भिंत धरता. मला काय हौस आहे तिला लांब ठेवायची? पण ती स्वतः म्हणतेय ना. तिचं तरी ऐका.”

म्हाळाप्पाने पान काढलं. चुना लावता लावता तो डाव शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बानू न्हायला गेली तेव्हा पट्टा खुंटीवर होता. म्हाळाप्पाच्या दारात एक माडग्याळी बकरा बांधलेला असे; तिकडे या जातीच्या मेंढ्यालाही बकराच म्हणतात. पोपटासारखं बाकदार नाक, लांब मान, चालण्यात जहागीरदाराचा थाट. म्हाळाप्पाने पट्टा उचलला आणि बकऱ्याच्या गळ्यात घातला. संजीवनी शाळेतून नुकतीच येऊन पाय धूत होती.

“आई,” अंगणातून चिमणीसारखा आवाज आला. “आज शाळेत खूप काम होतं का गं?”

“नव्हतं बाळा,” संजीवनी सवयीने म्हणाली आणि तोंड पुसत पुढे आली.

बकरा रवंथ करत होता.

“मला थोडी भूक लागली आहे,” बकरा म्हणाला. “पण घाई नाही. आधी तू चहा घे.”

म्हाळाप्पा पोट धरून हसत होता. रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. त्याने बकऱ्यापुढे बसून मोठ्या अदबीने विचारलं, “काय बानूबाई, सहनिवासात जायाचं का?”

“हो,” बकरा म्हणाला. “मला शांत जागा हवी आहे. मला नवीन ठिकाणी राहायला आवडेल.”

रस्त्यावरची माणसं खिदळली. म्हाळाप्पाने विजयी मुद्रेने सुनेकडे पाहिलं. संजीवनी सावकाश पायऱ्या उतरली. बकऱ्याच्या गळ्यातला पट्टा तिने सोडवला. ओढणीने तो आतून पुसला, बाहेरून पुसला, लोकरीचा एकेक केस काढला.

“चार वर्षं आण्णा,” ती म्हणाली. “चार वर्षं मला ह्याने आई म्हटलं.”

त्या आठवड्यात ती आपणहून डॉक्टर मुजावरांकडे गेली. म्हाळाप्पाही गेला, बानूचा हात धरून. बाईंनी बकऱ्याची हकिगत ऐकली. हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, मग गंभीर झाल्या.

“यंत्र खोटं बोलत नाही संजीवनी. ते अंदाज बांधतं. आतून येणारी खूण स्पष्ट असेल तर खुणेवर, पुसट असेल तर शिकवलेल्या सवयीवर. बानूच्या खुणा यंत्राच्या ओळखीच्या नाहीत, म्हणून हळूहळू खुणा मागे पडल्या आणि सवय तेवढी उरली. सवय तुमची. तुमच्या मनातली मुलगी तुमच्याशी बोलत होती.”

“तेच मी सांगतुया,” म्हाळाप्पा म्हणाला. “यंत्र ते यंत्र. आता ह्यो रुमाल बघा.”

“बघूया की,” बाई म्हणाल्या. “तुमचीही तीच परीक्षा घेऊ.”

“घ्या. वीस येळा घ्या.”

मुजावरबाईंनी म्हाळाप्पा आणि बानूच्या मधे पुठ्ठ्याची आडभिंत ठेवली. खालून हात जाईल एवढी फट, हातांवर रुमाल. दोघांपुढे चित्रांचा एकेक गठ्ठा. घागर, भाकरी, घर, खाट, साधीच चित्रं. चित्र बघून बानूने बोट दाबायचं, म्हाळाप्पाने ते सांगायचं. पहिली दहा चित्रं दोघांना सारखीच होती. दहाच्या दहा बरोबर आली. म्हाळाप्पाने मिशीवरून हात फिरवला.

पुढच्या दहांत बाईंनी गठ्ठे बदलले. बानूला एक चित्र, म्हाळाप्पाला दुसरं. हे त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याच्यापुढे घागर आली. रुमालाखाली तर्जनी दाबली गेली. “पानी,” तो म्हणाला. बानूपुढे खाट होती. त्याच्यापुढे घर आलं. मनगट. बानूपुढे भाकरी होती. दहा चित्रं झाली. दहाही वेळा बानूच्या बोटांनी तेच सांगितलं, जे म्हाळाप्पा बघत होता.

बाईंनी आडभिंत काढली आणि दोन्ही रांगा त्याच्यापुढे मांडल्या.

“पुन्यांदा,” म्हाळाप्पा म्हणाला.

पुन्हा तेच झालं.

“आता मी डोळे मिटतो. मला कायबी दावू नका. तिलाच दावा.”

त्याने डोळे मिटले. रुमालाखाली बानूचा हात उबदार होता, सैल होता. त्याने वाट पाहिली. ज्या हाताशी तो अकरा वर्षं बोलत होता, तो हात काहीच म्हणत नव्हता. नुसता त्याच्या हातात होता.

“आण्णा,” बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. “तुम्ही लबाडी केली नाही. मन ठरवतं आणि बोट हलतं, मनालाच पत्ता लागत नाही. तुम्ही केसाएवढं ढकलता, ती तिकडे वळते. असे प्रकार पूर्वीही झालेत, चांगल्या, मायाळू माणसांच्या हातून. तिला तुमच्या रुमालाखाली बरं वाटतं, हे शंभर टक्के खरं आहे. घट्ट धरलं की तिचं जग थांबतं. पण शब्द तिचे नाहीत. शब्द तुमचे.”

म्हाळाप्पा आपल्या हाताकडे बघत राहिला. समोरच्याच्या हातातनं काढायचा, त्याला वाटलं पायजे त्योच बोललाय. जन्मभर ज्या कसबाचा तोरा मिरवला, तेच कसब त्याने न कळत या पोरीवर चालवलं होतं. आणि गिऱ्हाईक निदान घरी जाऊन पस्तावू तरी शकायचं.

“मंग ती काय म्हंतीया, बाई?” त्याने विचारलं. “कुनाला ठावं हाय?”

“आज तरी कुणालाच नाही,” बाई म्हणाल्या. “पट्टा नको, रुमालातले प्रश्न नकोत. चित्रांवर बोट ठेवायला शिकवूया, कुणी हात न धरता. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित जमणारही नाही. तोवर तिला विचारू नका, तिला बघा. काय खाते, किती झोपते, कुठे थांबते, कुठून पळते. आणि आधी मला तिला नखशिखांत तपासू दे. पोट, कान, डोळे, दात, सगळं. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं आपण स्वभाव म्हणून खपवतो.”

तपासणीत निघाली डाव्या बाजूची दाढ. मुळापर्यंत किडलेली, खाली पू झालेला. दंतवैद्य म्हणाला, दीड-दोन वर्षांचं दुखणं असावं. त्याने विचारलं, “हिने कधी सांगितलं नाही?”

संजीवनीने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने जमिनीकडे. खाटेची गार लोखंडी दांडी दोघांनाही दिसली. मला हा गारवा आवडतो. लाडात आलीया.

दाढ काढली. तिसऱ्या दिवसापासून बानूने दांडीला गाल लावला नाही. दांडीवर घासलेला गाल हे त्या घरातलं एवढंच एक खरं वाक्य होतं, आणि ते वाचायला दोघांना दोन वर्षं लागली होती.

मुजावरबाईंच्या अहवालावरून तालुक्याच्या संमती समितीने पट्टा रद्द केला. आता संमती पालकाची, म्हणजे संजीवनीची. जागा आठ दिवस धरून ठेवू, तोवर मुलीला घेऊन या, राहून बघा, आणि आठव्या दिवशी दुपारी सही करा किंवा जागा सोडा, असं सहनिवासाने कळवलं. तिघं गेली. पाहुण्यांच्या खोलीत राहिली. संजीवनीने शाळेतली कोरी वही आणली होती. बाईंनी सांगितलं होतं तसं दोघं नुसती बघत होती आणि ती लिहीत होती.

पहिल्या दिवशी बानू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा जेवली. तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेत जाऊन तिने ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घातले आणि तासभर काढले नाहीत. चौथ्या दिवशी त्या वाटेला फिरकली नाही. तिथेही पाण्याची टाकी होती. तिच्याभोवती तिने एका सकाळी चाळीस फेऱ्या मारल्या.

“घरी फेऱ्या मारायची ती खुशीत असताना,” संजीवनी म्हणाली.

“बिरू गेला त्या दिशी बी मारल्या हुत्या,” म्हाळाप्पा म्हणाला.

तिने लिहिलेलं खोडलं. मग खोडलेलं पुन्हा लिहिलं.

पाचव्या दिवसापर्यंत म्हाळाप्पाला आणखी एक गोष्ट जाचायला लागली. बानू शेजारी येऊन बसली की त्याचा हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाकडे जायचा. तो स्वतःच्या हातावर बसायचा, खरोखर, मांडीखाली दाबून. मुंग्या यायच्या. वाघजळीच्या बाजारातला पट्टीचा दलाल, ज्याने म्हणे बैलाच्या शिंगातून भाव काढला होता, तो आपला हात चोरासारखा लपवून बसला होता. नातीला घट्ट धरलं की तिला बरं वाटतं हे ठाऊक होतं. धरलं की आपण बोलायला लागू हेही ठाऊक होतं. बाईंनी फोनवर सांगितलं, “आण्णा, धरा की. फक्त विचारू नका.” पण न विचारता धरायचं कसं, हे त्याच्या हाताला येत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी कार्यालयातल्या कांबळेबाई अर्ज घेऊन आल्या. चांगल्या स्वभावाची बाई. अर्ज ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “घाई नाही, पण चारला कार्यालय बंद होतं.”

अर्जावर दोन चौकोन होते. राहणार. राहणार नाही. खाली सहीची जागा. संजीवनीने पेन उघडलं आणि तसंच धरून बसली.

“आण्णा, तुम्ही सांगा.”

“मी न्हाई.”

“इतकी वर्षं गप्प बसला नाहीत. सरपंचाच्या नाकाबद्दल सांगत होतात. आजच बरी वाचा गेली?”

“संजीवनी, पोरी, मला ठावं न्हाई.”

“मलाही नाही.” ती एकदम रडायला लागली, आवाज न करता. “पट्टा होता तेव्हा बरं होतं. ती सांगायची आणि मी ऐकायची. खोटं होतं, पण कुणीतरी सांगत होतं. आता मी सही केली तर मी तिला टाकली, नाही केली तर मी मेल्यावर ती रस्त्यावर. आणि ती तिथे बसलीय, तिला सगळं ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे आणि मला नाही!”

बानू शिरीषाच्या झाडाखाली बसून शेंगा वाजवत होती. कानाशी धरायची, हलवायची, खाली ठेवायची. ती उठली. सावकाश ओट्यापाशी आली आणि म्हाळाप्पाच्या शेजारी बसली. त्याने हात मांडीखाली सरकवला.

बानूने त्याचं मनगट धरलं आणि हात बाहेर ओढला. रुमाल खांद्यावरच राहिला. उन्हात, सगळ्यांसमोर, तिने त्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि दंडाच्या खाली, जिथे कुठला दलाल कधी हात लावत नाही, तिथे आपली चार बोटं टेकवली. दोन बोटं दाबली. मग तळहाताची कड ओढत मनगटापर्यंत नेली. मग थांबली. मग बोटाच्या पेराने हाडावर दोनदा टकटक केलं.

म्हाळाप्पाच्या हाताला हे ठाऊक नव्हतं. हे पाणी नव्हतं, भूक नव्हती, हो नव्हतं, नको नव्हतं. बाजारातल्या कुठल्याही सौद्यात, कुठल्याही हाताने त्याच्याशी हे बोललेलं नव्हतं. त्याने हे मनात आणलं नव्हतं, कारण त्याच्या मनात असं काही नव्हतंच.

“काय म्हणतेय?” संजीवनीने विचारलं. ती उठून उभी राहिली होती. “आण्णा, काय म्हणतेय ती?”

“बोलतीया,” म्हाळाप्पा म्हणाला. “तीच बोलतीया. म्या न्हाई.”

“पण काय?”

“ठावं न्हाई.”

बानूने पुन्हा केलं. तीच चार बोटं, तेच ओढणं, तेच थांबणं, तीच दोनदा टकटक. संजीवनी वाकून बघत होती, बघून ते लिहिता येईल का असं, एका हातात वही, दुसऱ्यात पेन, आणि दोन्ही तशीच. कार्यालयाच्या दारात कांबळेबाई घड्याळाकडे बघून पुन्हा आत गेल्या.

म्हाळाप्पाने हात हलवला नाही. केसाएवढाही नाही. श्वाससुद्धा त्याने बेतानेच घेतला, न जाणो त्यानेही ढकललं जाईल.

बानूने आजोबाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिसऱ्यांदा तेच केलं, या वेळी प्रत्येक बोट सावकाश आणि जोराने रुतवत, बहिऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा तसं.